पेशी मोजायच्या चेंबरमध्ये, सेल मोजायचे शीटमध्ये: दोन्हीकडची मोजणी नीट कशी करायची

प्रॅक्टिकलला पहिल्यांदा मायक्रोस्कोपवर बसलेली पोरं हमखास एकच प्रश्न विचारतात, "सर, बठ्ठ्या पेशी मोजन्या पडतीन का?" आणि तीच पोरं पुढं प्रोजेक्टचा डेटा एक्सेलमध्ये भरताना परत तेच विचारतात, फक्त आता पेशींच्या जागी सेल असतात. उत्तर दोन्हीकडं सारखंच आहे. नाही, सगळ्या नाही मोजायच्या, पण कुठल्या मोजायच्या आणि कुठल्या सोडायच्या हे मोजायला बसायच्या आधी ठरवायचं, कागदावर लिहायचं, आणि मग आकडा आवडो न आवडो तोच नियम शेवटपर्यंत पाळायचा. जळगाव-धुळे-नंदुरबारकडं डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), बीएस्सी करणारी बरीच पोरं पुढं गावातल्या लॅबमध्ये किंवा तपासणी शिबिरांत काम करतात, त्यांना ही दोन्ही कामं एकाच दिवशी करावी लागतात, म्हणून दोन्ही एकाच ठिकाणी लिहितोय.

आधी चेंबर समजून घ्या

रक्तपेशी मोजायला आपल्याकडं सगळीकडं इम्प्रूव्ह्ड न्यूबाउर चेंबर वापरतात. जाड काचेची पट्टी, तिच्या मधोमध दोन प्लॅटफॉर्म, प्रत्येकावर बारीक रेघांची जाळी. ही जाळी ३ मिमी बाय ३ मिमी, म्हणजे तिच्यात १ चौरस मिमीचे ९ मोठे चौकोन. वर कव्हरस्लिप बसवली की काच आणि जाळी यांच्यामध्ये बरोबर ०.१ मिमी जागा उरते. म्हणजे एका मोठ्या चौकोनावर ०.१ मायक्रोलिटर द्रव बसतो. पुढचं सगळं गणित या एका आकड्यावर उभं आहे, तो पाठ करू नका, समजून घ्या, मग कुठलंही सूत्र विसरलात तरी स्वतः काढता येईल.

चार कोपऱ्यांतले मोठे चौकोन प्रत्येकी १६ भागांत विभागलेले असतात, ते पांढऱ्या पेशींसाठी. मधला चौकोन २५ मध्यम चौकोनांत, आणि त्यातला प्रत्येक परत १६ बारक्या घरांत, असे एकूण ४०० बारके, ते तांबड्या पेशींसाठी आणि प्लेटलेटसाठी.

कव्हरस्लिपबद्दल एक गोष्ट, जी शिकवताना पटकन उरकली जाते. चेंबरची कव्हरस्लिप जाड आणि सपाट असते, साधी स्लाइडवरची पातळ कव्हरस्लिप इथं चालत नाही, कारण ती द्रवाच्या ताणानं वाकते आणि ०.१ मिमी खोली ०.१ राहत नाही, मग तुमची मोजणी कितीही काळजीनं केलेली असू द्या, आकडा चुकलेलाच. स्लिप नीट बसली की कडेला इंद्रधनुषी रंगाच्या वळ्या दिसतात, त्यांना न्यूटन रिंग्ज म्हणतात. त्या दिसेपर्यंत पुढं जाऊ नका.

डायल्यूशन आणि भरणं

पांढऱ्या पेशींसाठी २० मायक्रोलिटर रक्त आणि ३८० मायक्रोलिटर टर्क फ्लुइड, म्हणजे २० पट डायल्यूशन (रक्त पातळ करणं). टर्क फ्लुइडमधलं ॲसेटिक ॲसिड तांबड्या पेशी फोडून टाकतं आणि जेन्शियन व्हायोलेट पांढऱ्या पेशींची केंद्रकं रंगवतं. तांबड्या पेशींसाठी ५ मायक्रोलिटर रक्त आणि ९९५ मायक्रोलिटर डायल्यूटिंग फ्लुइड, २०० पट. त्यासाठी हेमचं फ्लुइड अजून काही लॅबमध्ये दिसतं पण त्यात मर्क्युरिक क्लोराइड असतं, विष आहे ते, फॉर्मल सायट्रेट मिळत असेल तर तेच घ्या. आणि जुन्या काचेच्या बल्ब पिपेटनं तोंडानं रक्त ओढणं कुठं चालू असेल तर ते आजच्या आज बंद करा, मायक्रोपिपेट नसेल तर रबरी बल्ब लावा, पण तोंड नको. ग्लोव्हज घालूनच काम करायचं.

पिपेटचं टोक पुसायला विसरू नका. बाहेरून लागलेलं रक्त आत गेलं की डायल्यूशन बिघडलं, आणि ५ मायक्रोलिटरमध्ये तेवढं थोडंसं रक्तसुद्धा भरपूर असतं. रक्त नीट मिसळून घ्या, ट्यूब उलटी-सुलटी आठ-दहा वेळा हळू फिरवा, जोरात हलवू नका.

भरताना साधारण १० मायक्रोलिटर कव्हरस्लिपच्या कडेला लावायचं, ते आपोआप आत खेचलं जातं. जाळीवर बुडबुडा आला, द्रव बाजूच्या खाचेत सांडला किंवा प्लॅटफॉर्मचा कोपरा कोरडा राहिला तर पुसा आणि नव्यानं भरा. "चालतंय एवढं" म्हणून पुढं जायचं नाही.

आता आपल्या भागातली अडचण. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, वर पंखा चालू, आणि भरलेलं चेंबर टेबलावर ठेवलं की कडेपासून द्रव वाळायला लागतो, पेशी वाहत एका बाजूला सरकतात आणि एका कोपऱ्यात २५ तर दुसऱ्यात ६० अशा पेशी दिसायला लागतात. उपाय सोपा आहे. पेट्री डिशमध्ये ओला फिल्टर पेपर किंवा ओला कापूस ठेवा, चेंबर त्यावर काड्यांच्या आधारानं ठेवा, झाकण लावा, आणि पेशी खाली बसायला २-३ मिनिटं द्या. प्लेटलेटसाठी तर २० मिनिटं थांबावं लागतं, तिथं ही ओली डिश नसेल तर मोजणी होणारच नाही. मोजताना पंखा आपल्याकडं येईल असा नको.

मोजायचं कसं

पांढऱ्या पेशी १०च्या ऑब्जेक्टिव्हवर, तांबड्या ४०च्या. कंडेन्सर थोडा खाली घ्या आणि डायफ्राम जरा बंद करा. उजेड जास्त असला की जाळी आणि पेशी दोन्ही धुतल्यासारख्या दिसतात, नवीन पोरं उजेड वाढवत बसतात आणि काहीच दिसत नाही म्हणतात.

मोजायची दिशा ठरलेली पाहिजे. नांगरट करताना बैल वळवतात तसं, पहिली ओळ डावीकडून उजवीकडं, दुसरी उजवीकडून डावीकडं, म्हणजे ओळ सुटत नाही आणि दुबार होत नाही.

रेघेवर बसलेल्या पेशीचं काय करायचं? वरच्या आणि डाव्या रेघेला टेकलेली मोजायची, खालच्या आणि उजव्या रेघेला टेकलेली सोडायची. एवढाच नियम. काही ठिकाणी उलटं शिकवतात, खालची-उजवी मोजा म्हणून, तेही चालतं, पण एका लॅबमध्ये एकच पाहिजे आणि तो भिंतीवर लिहिलेला पाहिजे. एका पेशीची दोन शेजारच्या चौकोनांत दोनदा गणना होऊ नये यासाठी हे सगळं. "अर्ध्यापेक्षा जास्त आत असेल तर मोज" असा अंदाजाचा नियम करू नका, दर पेशीला डोळ्यानं निवाडा करत बसावं लागतं आणि दोघांचा आकडा कधीच जुळत नाही.

हाताशी टॅली काऊंटर असला तर उत्तम. नसला तर प्रत्येक चौकोनाचा आकडा लगेच वहीत लिहा, चारही चौकोन मनात धरून शेवटी बेरीज लिहायची सवय नको. सुटे आकडे का लागतात ते खाली शीटच्या भागात कळेल.

हिशोब

समजा चार कोपऱ्यांत ३८, ४२, ३५, ४१ पांढऱ्या पेशी आल्या. बेरीज १५६. चार चौकोन म्हणजे ०.४ मायक्रोलिटर, डायल्यूशन २०. म्हणून १५६ गुणिले २० भागिले ०.४, म्हणजे १५६ गुणिले ५०, म्हणजे ७,८०० प्रति मायक्रोलिटर. मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,००० नॉर्मल धरतात.

तांबड्या पेशी मधल्या मोठ्या चौकोनातल्या पाच मध्यम चौकोनांत मोजायच्या, चार कोपरे आणि एक मधला. पाचांचं मिळून आकारमान ०.०२ मायक्रोलिटर, डायल्यूशन २००, म्हणून बेरजेला सरळ १०,००० नं गुणा. ९२, ८८, ९५, ९०, ८५ आले तर बेरीज ४५०, उत्तर ४५ लाख. मशीनचा रिपोर्ट मिलियनमध्ये येतो, तिथं हेच ४.५ दिसेल. लाख आणि मिलियन यांची गल्लत गावातल्या लॅबमध्ये अगदी सहज होते, युनिट लिहिल्याशिवाय आकडा कुणाच्या हातात देऊ नका.

कल्चरमधल्या पेशी किंवा यीस्ट मोजत असाल तर उत्तर प्रति मिलिलिटर काढायचं, म्हणजे एका मोठ्या चौकोनाची सरासरी गुणिले डायल्यूशन गुणिले १०,०००. जिवंत-मेलेल्या वेगळ्या करायच्या असतील तर ०.४ टक्के ट्रायपॅन ब्लू सारख्याच प्रमाणात मिसळा, डायल्यूशन २. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत रंग घेत नाहीत. चार चौकोनांत १९६ जिवंत आणि १६ निळ्या असतील तर जिवंत ४९ गुणिले २ गुणिले १०,०००, म्हणजे ९,८०,००० प्रति मिलि, आणि जिवंत टक्का १९६ भागिले २१२, म्हणजे साधारण ९२. रंग मिसळल्यावर ३ ते ५ मिनिटांत मोजून मोकळं व्हा, जास्त वेळ ठेवलं की जिवंत पेशीसुद्धा रंग घ्यायला लागतात. यीस्टमध्ये कळी वेगळी मोजायची की आईबरोबर एक धरायची हे आधी ठरवा. कळी आईच्या अर्ध्याएवढी किंवा मोठी असेल तर वेगळी, असा एक नियम वापरतात. कुठलाही घ्या, वहीत लिहा.

आकड्यावर किती विश्वास ठेवायचा

हा भाग शिकवायचा राहून जातो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चेंबर अगदी परफेक्ट भरलं तरी पेशी विखुरतात कशाही, त्यामुळं तेच रक्त परत भरलं तर आकडा बदलणारच. किती बदलेल? मोजलेल्या पेशींच्या वर्गमूळाएवढा. १५६ चं वर्गमूळ साधारण १२.५, म्हणजे ८ टक्के. म्हणजे आपले ७,८०० हे ६०० नं वर-खाली होऊ शकतात, आणि कधी त्याच्या दुप्पटही. मग काल ७,८०० आणि आज ८,३०० आले म्हणून पेशंटला "पेशी वाढल्या" असं सांगायचं का? नाही सांगायचं. तेवढा फरक मोजणीतच आहे.

१०० पेशी मोजल्या तर चूक १० टक्के, ४०० मोजल्या तर ५ टक्के. चौपट मेहनत केली की चूक अर्धी होते. म्हणून पेशी कमी दिसत असतील तर दोन्ही प्लॅटफॉर्म मोजा, जास्त चौकोन मोजा. आणि चार कोपऱ्यांतल्या आकड्यांत फार तफावत आली, आमच्याकडं १२ च्या वर फरक गेला तर, चेंबर धुऊन परत भरायचं. पण एक पथ्य पाळा, आकडा "बरा" येईपर्यंत परत परत भरत बसायचं नाही. परत भरायचं ते तफावत बघून, उत्तर बघून नाही.

मशीनबद्दलही सांगतो, कारण आता तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा सेल काऊंटर आलेत. वॉलेस कोल्टर यांना १९५३ साली ज्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट मिळालं तीच पद्धत बऱ्याच मशीनमध्ये आहे. पेशी बारीक भोकातून जाताना विजेच्या प्रवाहाला अडथळा होतो, एक अडथळा म्हणजे एक पेशी. हजारो पेशी मोजल्या जातात म्हणून वर्गमूळाची चूक एकदम कमी होते. पण मशीनला पेशी दिसत नाही, फक्त अडथळा कळतो. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट २०,००० आल्या आणि पेशंट धडधाकट बसलाय असं झालं तर आधी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेला रक्ताचा थर, बघा. ईडीटीएच्या (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) ट्यूबमध्ये काही जणांच्या प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीन त्यांना मोजत नाही. ऑइल इमर्शनवर दहा फील्डमधल्या प्लेटलेटची सरासरी काढा, १५,००० ते २०,००० नं गुणा, अंदाज मिळतो. गठ्ठे दिसले तर सायट्रेट ट्यूबमध्ये परत रक्त घ्या.

अजून एक, नंदुरबार-धडगाव-नवापूरकडं काम करणाऱ्यांसाठी. सिकल सेलच्या एसएस (म्हणजे वाहक नाही, प्रत्यक्ष आजार असलेल्या) पेशंटमध्ये केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी रक्तात दिसतात. टर्क फ्लुइड त्यांची केंद्रकं फोडत नाही, त्या पांढऱ्या पेशींत मोजल्या जातात आणि आकडा फुगतो. स्मिअरवर १०० पांढऱ्या पेशींमागं अशा किती आहेत ते मोजा. १८,००० आले आणि १०० मागं २० असतील तर १८,००० गुणिले १०० भागिले १२०, खरा आकडा १५,०००. हे केलं नाही तर पेशंटला उगाच इन्फेक्शनची औषधं सुरू होऊ शकतात.

चेंबर नसेल तर

शाळेत चेंबर नसतं, पण मायक्रोस्कोप असतो आणि आपल्याकडं केळीचं पान तर कुठंही मिळतं. पानाच्या खालच्या बाजूला, जिथं रंध्रं जास्त असतात, पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावा, वाळू द्या, सेलोटेपनं उचला, स्लाइडवर चिकटवा. पानाचा ठसा त्यावर येतो. आयपीसवर फील्ड नंबर लिहिलेला असतो, समजा १८. १८ भागिले ४० म्हणजे ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर दिसणाऱ्या गोलाचा व्यास ०.४५ मिमी, क्षेत्रफळ साधारण ०.१५९ चौरस मिमी. गोलाच्या कडेवर अर्धी दिसणारी रंध्रं वरच्या अर्ध्या कडेची मोजायची, खालच्या अर्ध्याची सोडायची. दहा वेगवेगळ्या जागी मोजून सरासरी १२ आली तर १२ भागिले ०.१५९, म्हणजे चौरस मिमीला साधारण ७५. जागा निवडताना डोळा बाजूला ठेवून स्लाइड सरकवा, नाहीतर आपण नकळत दाट जागाच निवडतो.

काम झालं की चेंबर १ टक्का हायपोक्लोराइटनं, मग पाण्यानं, मग ७० टक्के अल्कोहोलनं साफ करा आणि लेन्स पेपरनं टिपा. खरखरीत कापडानं घासू नका, जाळीवर ओरखडे पडतात.

आता शीट

एक सूचना आधीच. फंक्शनची नावं मी इथं देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये टाकताना ती इंग्रजीत टाका, आकडेही इंग्रजी. देवनागरी कीबोर्डवरून टाकलेला आकडा शीट मजकूर म्हणून धरू शकते. शंका आली तर =इझनंबर(सी२) करून बघा, ट्रू आलं तरच तो आकडा.

पांढऱ्या पेशींसाठी साधी मांडणी अशी करा: ए मध्ये तारीख, बी मध्ये सॅम्पल नंबर, सी ते एफ मध्ये चार चौकोनांचे सुटे आकडे, जी मध्ये डायल्यूशन, एच मध्ये उत्तर. एच२ मध्ये हे लिहा:

=सम(सी२:एफ२)/काऊंट(सी२:एफ२)*जी२*१०

शेवटचा १० आला कारण एक चौकोन ०.१ मायक्रोलिटर. आता बघा, मी थेट ४ नं भागायला सांगितलं नाही, काऊंटनं भागायला सांगितलं. काऊंट फक्त आकडे असलेले सेल मोजतो. एका चौकोनात बुडबुडा आला म्हणून तो मोजला नाही तर तो सेल रिकामा ठेवायचा. मग ३८, ४२, ३५ ची बेरीज ११५, भागिले ३, उत्तर साधारण ७,६६७. पण कुणी त्या सेलमध्ये ० टाकला तर काऊंट तो आकडा धरतो, भागाकार ४ नं होतो आणि उत्तर ५,७५०. दोन्ही आकडे नॉर्मलमध्ये बसतात, म्हणून चूक कुणाच्याच लक्षात येत नाही! ० म्हणजे "बघितलं, एकही नव्हती". रिकामं म्हणजे "बघितलंच नाही". हा फरक टीममधल्या प्रत्येकाला तोंडी समजावून सांगा.

मोजायची बाकी फंक्शन पटकन सांगतो. काऊंट-ए म्हणजे काहीही भरलेले सेल, आकडा, मजकूर, डॅश, सगळं. काऊंटब्लँक म्हणजे रिकामे. इथं एक खोच आहे, एखाद्या सेलमध्ये फॉर्म्युला असेल आणि तो "" असं रिकामं उत्तर देत असेल तर काऊंट-ए त्याला भरलेला मोजतो आणि काऊंटब्लँक त्यालाच रिकामा मोजतो. दोघांची बेरीज एकूण सेलपेक्षा जास्त आली तर हेच कारण असतं. तारीख काऊंटला आकडाच वाटते, कारण शीट तारीख आकडा म्हणूनच साठवते, म्हणून पेशंट मोजायला तारखेचा कॉलम घेऊ नका, सॅम्पल नंबरच्या कॉलमवर काऊंट-ए लावा.

११,००० च्या वर किती जण? =काऊंटइफ(एच२:एच४०१,">११०००"). मर्यादा वेगळ्या सेलमध्ये ठेवली तर अजून बरं, ">"&के१ असं जोडायचं, उद्या मर्यादा बदलली तर एकच सेल बदलावा लागतो. "<४०००" लावलं तर रिकामे सेल त्यात येत नाहीत, ते बरंच आहे.

रंगावरून मोजता येतं का, हे फार जण विचारतात. काऊंटइफला रंग कळत नाही. रंगानं फिल्टर लावा आणि =सबटोटल(१०३,बी२:बी४०१) करा, तो फक्त दिसणाऱ्या ओळी मोजतो. पण माझं मत विचाराल तर रंगात माहिती ठेवूच नका. पिवळा म्हणजे काय हे चार महिन्यांनी भरणाऱ्यालाही आठवत नाही, त्यापेक्षा "परत बोलवायचं" असा कॉलम करा आणि "हो" लिहा. मर्ज केलेले सेलसुद्धा टाळा, मर्जमध्ये माहिती फक्त वरच्या-डाव्या सेलमध्ये राहते, बाकी रिकामेच मोजले जातात.

फाइल जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये सेव्ह करू नका. त्यात ६५,५३६ ओळीच मावतात, २००७ नंतरच्या फॉरमॅटमध्ये १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २०२० साली याच जुन्या फॉरमॅटमुळं कोविडच्या १५,८४१ केसेस रोजच्या आकड्यांतून गळाल्या होत्या आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध उशिरा सुरू झाला.

शिबिराचं रजिस्टर, हातानं करून बघा

समजा सिकल सेल तपासणीची ४०० ओळींची शीट आहे. डी मध्ये तालुका, ई मध्ये सोल्युबिलिटी टेस्ट, एफ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणाऱ्या तपासणीचा निकाल, एए (नॉर्मल), एएस (वाहक) किंवा एसएस (रुग्ण). ई आणि एफ वेगळेच पाहिजेत. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढं सांगते, वाहक की रुग्ण ते सांगत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती निगेटिव्ह येऊन फसवू शकते. एकाच कॉलममध्ये "पॉझिटिव्ह" आणि "एएस" मिसळले की मोजणी संपली. आणि ही मोजणी कामाची आहे हो, आई-बाप दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते, कुठल्या तालुक्यात किती वाहक आहेत त्यावर समुपदेशनाचं नियोजन ठरतं.

तालुक्याप्रमाणं वाहक: =काऊंटइफ्स(डी२:डी४०१,"धडगाव",एफ२:एफ४०१,"एएस"). दोन्ही रेंज सारख्या लांबीच्या नसतील तर एरर येईल.

आकडा कमी आला? डी कॉलम बघा. कुणी धडगाव लिहिलंय, कुणी धडगांव, कुणी अक्राणी, कारण तालुका अक्राणी आणि त्याचं मुख्यालय धडगाव. माणसाला तिन्ही एकच वाटतात, काऊंटइफला तीन वेगळी गावं. =लेन(डी२) लावून बघा, लेन काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं मोजतो, धडगाव ५ येतं, धडगांव ६. "धडगाव" पुढं स्पेस पडली असेल तरी ६. स्पेस ट्रिमनं जाते, पण व्हॉट्सॲपवरून किंवा वेबवरून कॉपी केलेल्या मजकुरात वेगळ्या प्रकारची स्पेस येऊ शकते, ती ट्रिमनं जात नाही, तिला सबस्टिट्यूटमध्ये कॅर(१६०) देऊन काढावं लागतं. आणि "*एस*" असं स्टार लावून शोधायचा शॉर्टकट इथं अजिबात नको, त्यात एएस आणि एसएस दोन्ही मोजले जातात, वाहक आणि रुग्ण एक होतात.

हे सगळं टाळायचा रस्ता म्हणजे डेटा भरायच्या आधीच डेटा व्हॅलिडेशनमधून ड्रॉपडाऊन लावणं. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी, सहाच नावं, टाईप करायचं कामच नाही. मग वरच्या फॉर्म्युल्यातही धडगावच्या जागी अक्राणी लिहा.

आता ताळा. =काऊंट-ए(बी२:बी४०१) नं ४०० आले. एए ३४१, एएस ४६, एसएस ५, रिकामे ५. बेरीज ३९७. तीन ओळी कुठंतरी आहेत आणि कुठल्याच गटात नाहीत. शोधायचं असं: एम१ ते एम३ मध्ये एए, एएस, एसएस लिहा, आणि जे२ मध्ये =काऊंटइफ($एम$१:$एम$३,एफ२) लिहून खाली ओढा. डॉलरचं चिन्ह विसरू नका, नाहीतर यादीच खाली सरकत जाते. मग जे कॉलमवर ० चा फिल्टर लावा. आठ ओळी दिसतील, पाच रिकाम्या, आणि तीन ज्यांत "एएस " असं पुढं स्पेस असलेलं, "पॉझिटिव्ह", किंवा "एस एस" असं तोडून लिहिलेलं काहीतरी सापडेल.

"एएस " वाली ओळ शीटमध्येच सुधारा. बाकी दोन्ही ओळींचे सॅम्पल नंबर घ्या, कागदी रजिस्टर आणि लॅबचा मूळ रिपोर्ट काढा, त्यात जे असेल तेच एफ मध्ये लिहा, शेजारी के कॉलममध्ये कुणी आणि कधी बदललं ते टाका. मूळ रिपोर्ट सापडला नाही तर सेल रिकामा ठेवा आणि त्या माणसाला परत तपासणीच्या यादीत घ्या. पाच रिकाम्यांचंही तसंच, रिपोर्ट यायचाय की सॅम्पलच खराब झालं ते विचारून लिहा. मग बेरीज परत करा, ४०० येईपर्यंत तालुक्याचा तक्ता वर पाठवू नका.